गुरुवारपर्यंत

शैलाताई, तुम्ही सोमवारी सकाळी गेलात आणि मला पहिला विचार आला तो गुरुवारचा.

तुमच्या घरून काकांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "शैला गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" मग माझ्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याबरोबर जो धसका बसला तो तुमच्यासाठी नव्हता. राग मानू नका. तो आपल्या 'गुरुवार पाच'साठी होता. तव्यावरची पोळी जळाली, ती जळू दिली. ओट्याला धरून उभी राहिले. डोक्यात एकच घोळत होतं, आता त्या माणसाला कोण धरून ठेवणार?

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही, मी मेले आणि हिला अपॉइंटमेंटचं पडलंय. पण मला असं करून ठेवलंत ते तुम्हीच.

सदाशिव पेठेतल्या आपल्या त्या दोन खोल्या. खाली स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका, वर दातांचे डॉक्टर, मध्ये आपण. पुढची खोली तुमची, मागची माझी. दारावर नुसतं तुमचं नाव, कशाच्या कोण ते काही नाही. "मानसोपचार असं लिहिलं तर जिन्यात कोणी पाय टाकेल का?" असं तुमचं म्हणणं. आपल्याकडे येणारा प्रत्येकजण घरी दाढ दुखते म्हणून सांगून निघालेला असायचा. दिवाळीला वरच्या डॉक्टरांना तुम्ही फराळाचं ताट पाठवायचात ते ह्याच उपकारापोटी. आणि पुण्यात कोण कोणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही, म्हणून तुम्ही आपल्या दोघींसाठीही नियम केलात, की क्लायंटचं नाव घ्यायचं नाही. वार आणि वेळ सांगायची, बस. रोजच्या चहाला आपण तासन्‌तास माणसांविषयी बोललो, आणि एकाचंही नाव मला ठाऊक नाही. 'मंगळवार सहा' म्हणजे खराडीत आयटीत काम करणारं ते नवरा-बायकोचं जोडपं. 'गुरुवार पाच' म्हणजे ते गृहस्थ.

त्यांच्याबद्दल इथे जे लिहिते त्यातलंही थोडंफार बदललंय, निर्धास्त असा. पन्नाशी उलटलेले. एकटे राहणारे. नोकरी अचानक सुटलेली. पहिल्याच भेटीत त्यांनी तुम्हाला सरळ सांगितलं होतं की मला आता जगायचं नाही. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे तुम्ही त्यांना पाठवलं होतं, तिथे ते जात होते. आणि दर गुरुवारी उठायच्या आधी तुम्ही त्यांच्याकडून शब्द घ्यायचात. "पुढच्या गुरुवारपर्यंत मी जिवाचं बरंवाईट करून घेणार नाही." मग तुम्ही तुमचा शब्द द्यायचात. "आणि मी पुढच्या गुरुवारी पाच वाजता इथे असेन." आठवडा संपला की नवा शब्द.

आणि तुम्ही सोमवारी गेलात. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, नंबर माहीत नव्हता, तुमच्या वहीतही नुसते वार आणि वेळा. एकदा जिना उतरताना पाहिलं होतं, तेही पाठमोरं.

ह्यावरून आपण किती भांडलो, ताई! मी म्हणायचे, ही पद्धत जुनी झाली. शब्दावर कोणी तरत नाही. जवळच्या एखाद्या माणसाला सांगायला लावा, मन काळवंडलं की कोणाला फोन करायचा ते ठरवून ठेवा, घरच्यांच्या कानावर घाला. तुम्ही म्हणायचात, "त्यांच्या घरी कोणी असतं तर ते माझ्याकडे कशाला आले असते?" मी म्हणायचे, बहीण आहे ना. तुम्ही म्हणायचात, "बहिणीला कळलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल म्हणतात, त्याचं काय करू?" मी हट्टाला पेटले की तुमचं ठरलेलं वाक्य, "तुझं बरोबर आहे. बिस्किट घे." संताप यायचा मला. तुमच्या पाठीमागे मी नवऱ्याला सांगायचे, ही बाई ऐकून घेते आणि करते तेच जे तिला करायचंय.

एकदा तर मी तोंडावरच विचारलं होतं, "आणि तुम्हाला काही झालं तर?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मला काय धाड भरलीय?"

भरली ना पण! आता काय करू मी?

दुपारी वैकुंठ स्मशानभूमीत गर्दी बरीच होती. नातेवाईक एकीकडे, शेजारी एकीकडे, आणि पार लांब, लावलेल्या स्कूटरींच्या आडोशाने, तीन-चार माणसं एकेकटी उभी. एकमेकांकडे न बघणारी. ती कोण हे मला सांगायला नको. एक बाई ओढणीने तोंड दाबून रडत होती, मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. रस्त्यात क्लायंट भेटला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हे तुम्ही माझ्या हाडीमाशी भिनवलंय. एकदा तुळशीबागेत मी एका मुलीला हात केला होता, तर घरी जाईपर्यंत तुम्ही माझी खरडपट्टी काढली होतीत. "तिच्या शेजारी तिची सासू होती. आता ती घरी काय सांगेल, ही कोण म्हणून?" तर वैकुंठात मी मान खाली घालून उभी राहिले आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुरुषांच्या पाठी बघत राहिले. ह्यातले ते कोण? त्यांना कळलं असेल का? कळून ते इथे आले असतील, तर निदान आज जिवंत आहेत. आले नसतील तर? एका माणसाची पाठ तशी वाटली, मी पुढे सरकले, तर तो तुमचा भाचा निघाला.

तुमच्या चितेसमोर उभं राहून मी असं काहीतरी करत होते. नमस्कार केला की नाही, तेही आठवत नाही.

संध्याकाळी तुमच्या घरी आलो. तुमचा फोन टेबलावर होता, कुलूपबंद. मी काकांना विचारलं, उघडता येईल का? "तिच्या फोनला मी कधी हात लावला नाही," ते म्हणाले. "त्यात लोकांचे प्राण आहेत म्हणायची." मुलीला अमेरिकेत फोन लावून विचारलं, तिलाही आकडा माहीत नव्हता. सगळे वाढदिवस घालून बघितले, शेवटी फोन आकडाच घेईनासा झाला. गुप्तता पाळावी, ताई, पण इतकी? त्या क्षणी मी तुमच्यावर मनापासून चिडले होते. तुम्ही समोर असतात तर भांडलेच असते.

तेवढ्यात काकांचे मोठे भाऊ पेपरातल्या निधनवार्तेचा मजकूर लिहून घेऊन आले. उद्याच्या अंकात यायला हवी, आत्ताच पाठवतो म्हणाले. डोळ्यांपुढे ते गृहस्थ दिसले. एकट्या घरात, सकाळच्या चहाबरोबर पेपर उघडलेला, आणि त्यात तुमचा फोटो. त्यानंतरचं मला दिसू नये म्हणून मी अक्षरशः डोळे मिटून घेतले. मग काकांना हाताला धरून गॅलरीत नेलं. ज्यांची बायको सकाळी गेली त्या माणसाला असं ओढत नेताना मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

"काका, बातमी शुक्रवारी दिली तर चालेल?"

"का?"

"एकजण आहेत. गुरुवारी येतात. त्यांना हे पेपरात वाचून कळू नये. मी समोर बसून सांगेन."

"कोण?"

"मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगता आलं नसतं."

काकांनी खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे तिला गुरुवारपर्यंत जिवंत ठेवायची?"

ते आत गेले, भावाच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावून वाचला आणि खिशात घातला. "मजकुरात चुका आहेत. शुक्रवारी देऊ."

"कुठे चुका आहेत? मी दोनदा वाचलाय."

"मी जन्मभर मास्तरकी केली. मला दिसतात."

भाऊ खवळले. लोक काय म्हणतील, दहाव्याला माणसं कशी येणार, हे काय चाललंय! काका ऐकत बसले. तुमच्या घरात इतकं शांतपणे ऐकून घेणारं तुमच्याखेरीज आणखीही कोणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पेपर थांबला, पण व्हॉट्सॲप कोण थांबवणार? रात्रीपर्यंत तुमचा फोटो गुलाबाच्या चौकटीत बसून कुठल्याकुठल्या ग्रुपवर फिरला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. तुम्हाला न ओळखणारी माणसंसुद्धा 'भावपूर्ण' होऊन गेली. प्रत्येक जोडलेल्या हाताबरोबर माझा जीव खालीवर होत होता. ह्यातला कोण त्यांना ओळखतो? कोणाच्या फोनवरून त्यांच्या फोनवर जाईल?

मंगळवारी सहा वाजता खराडीचं जोडपं आलं. त्यांना काही कळलेलं नव्हतं. दार मी उघडलं म्हणून दोघं गोंधळली. मी सांगितलं. मला वाटलं होतं काय नि झालं काय! बायको आधी रडली, मग नवऱ्यावर उसळली. "मागच्या मंगळवारी मी म्हणत होते चल, तुझी मीटिंग! तुझी मीटिंग महत्त्वाची! आता?" तो म्हणाला, "तुलाच ट्रॅफिकमध्ये यायचा कंटाळा होता, यार." जिन्यात उभं राहून दोघं अशी भांडली की खालच्या अभ्यासिकेतून एक मुलगा 'शूऽ' करायला बाहेर आला. मला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ तुमची आठवण आली. तुम्ही असतात तर दोघांना त्या लाकडी बाकावर बसवलं असतंत, शेजारी शेजारी, तोंडं भिंतीकडे. "समोरासमोर बसलात की वकील होता दोघं," म्हणायचात. "भिंतीला सांगा. ती उलट बोलत नाही." मी तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा पहिला महिनाभर कोपऱ्यात बसून हेच बघितलं. मध्येच माझं तोंड सुटायचं, तर माणसं गेल्यावर तुम्ही सुनावायचात, "गप्प बसायला शिक. बोलायचं काय, पुण्यात सगळेच बोलतात." त्या दिवशी मी गप्प बसले. ती दोघं थकून जिन्यातच पायरीवर बसली, शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. मग पाणी प्यायली आणि गेली. एवढं तरी मला जमलं, ताई.

बुधवारी मी ओळखीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना एकामागून एक फोन केले. असे असे गृहस्थ, शैलाताईंनी पाठवलेले, तुमच्याकडे येतात का? एक डॉक्टर बिचारे फार चांगले बोलले. "अहो, नावाशिवाय मी कोणाला शोधू? असे माझ्याकडे अर्धं गाव येतं." खरंच होतं. काकांनी तुमचा फोन मला दिला होता, कोणाचा आला तर निदान उचलता येईल म्हणून. मी तो चार्ज करून पर्समध्ये घेऊन फिरत होते. वाजला की हातातलं टाकून उचलायचे. गॅसवाला, भिशीच्या मैत्रिणी, तुमच्या नणंदा. त्यांचा नाहीच. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याने चालत गेले, तर पन्नाशीचा दिसेल तो प्रत्येक माणूस मला तेच वाटायला लागला. एकजण फुटपाथवर थांबून खिशात काहीतरी चाचपत होता, मी त्याच्या मागे उभी राहिले. त्याला पानाच्या टपरीवर द्यायला सुटे हवे होते.

आणि एक भीती माझी स्वतःची होती. ती तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार? ते आले नाहीत तर काय, ही भीती होतीच. पण आले तर काय? माझ्या तोंडून एखादा शब्द वेडावाकडा गेला तर? तुम्ही होतात तोवर माझ्यामागे भिंत होती. एखादी भेट बिघडली की मी चहाला तुमच्यापुढे रडायचे आणि तुम्ही ती सोडवून द्यायचात. इथे बिघडली तर कोणाकडे जाऊ? एकदा मनात आलं, दाराला कुलूप लावून सरळ आईकडे निघून जावं. आलं खरं मनात.

गुरुवारी मी दुपारपासूनच जाऊन बसले. तुमच्या खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. माझ्या खोलीतली खुर्ची ओढत आणली. दार सताड उघडं ठेवलं. जिन्यात पावलं वाजली की मी उठायचे, ती वर दाताकडे जायची. पाच वाजले. वाजून गेले. मी देवाला मानत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही मानत नव्हतात, पण मी त्या वेळी कोणाकोणाचा धावा केला ते तुम्हाला सांगणार नाही.

मग दोन माणसांची पावलं वाजली. दारात ते उभे होते, आणि त्यांच्या मागे धापा टाकत एक बाई, हातात पिशवी.

"ताई?" त्यांनी आत बघत विचारलं.

मी त्यांना बसवलं. पाणी दिलं. आणि तुम्ही शिकवलंत तसं, आडवळणं न घेता सांगितलं. "शैलाताई सोमवारी सकाळी गेल्या. हार्ट अटॅकने. घरीच. मला तुमचा नंबर माहीत नव्हता, म्हणून कळवता आलं नाही."

त्यांनी पेला खाली ठेवला. ती बाई म्हणाली, "अगं बाई! कोण गेल्या? अहो, मला तर हा दाताच्या डॉक्टरकडे चल म्हणाला. कसब्यातून रिक्षा करून आले मी."

"ही माझी बहीण," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ताईंनी मागच्या वेळी सांगितलं होतं. पुढच्या गुरुवारी बहिणीला घेऊन या, आपण तिघं बोलू. चार महिने मागे लागल्या होत्या. ह्या वेळी मी हो म्हटलं."

ताई! चार महिने? म्हणजे मी तुमच्याशी भांडत होते, तुम्ही मला बिस्किटं चारत होतात, आणि पुढच्या खोलीत माझंच म्हणणं त्यांना पटवत होतात? एका अक्षराने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं तुमचं? मला त्या क्षणी तुम्हाला मिठी मारावी आणि गदागदा हलवावं असं दोन्ही वाटलं. पण वेळ नव्हता, कारण त्यांनी मान वर केली होती.

"त्या म्हणाल्या होत्या, गुरुवारी असेन."

"हो."

"मग माझा शब्द? तो सुटला ना आता?"

ज्याला मी तीन दिवस घाबरत होते ते हेच होतं, आणि आता ते माझ्यासमोर बसून शांतपणे विचारत होतं.

"कसला शब्द रे, दादा?" बहिणीने विचारलं.

मी बोलणार होते. जिभेवर आलं होतं. पण मी तुम्हाला आठवून गप्प बसले. खाली रस्त्यावर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. बहीण एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि तिच्या हातातली पिशवी हळूहळू खाली आली.

"मंदा, मला जगायचं नव्हतं," ते म्हणाले. "वर्ष झालं. दर आठवड्याला मी ताईंना शब्द देऊन घरी जायचो."

तिने काय करावं? तिने त्यांच्या दंडावर एक फटका मारला. चांगला सणसणीत. "आणि मी रोज तुला डबा घेऊन येते तेव्हा? तेव्हा तोंड नव्हतं तुला? भाजीत मीठ कमी आहे ते बरं सांगता येतं!" मग त्याच दंडाला धरून ती जी रडायला लागली! ते तिला थोपटत राहिले. मला म्हणाले, "म्हणून सांगत नव्हतो." पण आवाज पहिल्यापेक्षा ओला होता.

मी त्यांना जे खरं वाटलं ते सांगितलं. ताईंना दिलेला शब्द आता तुमच्या गळ्यात नाही. ताईच नाहीत. पण मला नवा हवाय, आणि तुमच्या बहिणीलाही. तुमच्या डॉक्टरांना मी आत्ता तुमच्यासमोर फोन करणार आहे. काही दिवस तुम्ही एकटे राहायचं नाही. "तो माझ्याकडे येईल," मंदाताई नाक पुसत म्हणाल्या, "नाही कसा म्हणतो ते बघते."

ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. "शब्द मागता. आधी तुम्ही द्या. पुढच्या गुरुवारी असाल?"

ताई, तुमच्यासारखं 'असेन' म्हणून टाकणं किती सोपं होतं! माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येत नाही, आत्ताच बघितलंत. पण एक देते. मला काही झालं तर तुम्हाला त्याच दिवशी कोणीतरी माणूस फोन करून सांगेल. तुमचं नाव-नंबर तुमच्या परवानगीने मी एका विश्वासाच्या बाईंकडे ठेवीन. तुम्ही इथे येऊन बंद दार बघाल, असं होणार नाही."

त्यांनी विचार केला. मग बहिणीकडे बघून म्हणाले, "गुरुवारपर्यंत."

"त्याच्या पुढचं काय?" मंदाताई ओरडल्या.

"त्याच्या पुढचं गुरुवारी," मी म्हटलं. आणि मग त्यांचं नाव विचारलं.

ते गेल्यावर मी खुर्चीत नुसती पडून राहिले. तेवढ्यात काकांचा फोन आला.

"आला का तो?"

"आले. बहिणीला घेऊन आले होते."

"बरं." मग म्हणाले, "आता काहीतरी खाऊन घे."

"तुम्हाला काय माहीत मी खाल्लं नाही ते?"

"ती पण खायची नाही. गुरुवारी सकाळी चहा, की बस. घास उतरत नाही म्हणायची. पाच वाजून गेले आणि तो आला, की मला मिस्ड कॉल द्यायची. मग मी कुकर लावायचो. कोण तो, मी कधी विचारलं नाही. सोमवारी गॅलरीत तू बोललीस तेव्हाच समजलो." मग म्हणाले, "बातमी देतो आता. उद्याच्या अंकात."

"द्या," मी म्हटलं, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

इतकी वर्षं मी तुम्हाला विचारायचे, ताई, तुम्हाला भीती कशी वाटत नाही? कसं तुम्ही त्या माणसाला जिना उतरून जाऊ देता, दार लावून घेता आणि माझ्याशी चहा प्यायला बसता? तुम्ही कधी सरळ उत्तर दिलं नाहीत. मला वाटायचं, अनुभवाने मन घट्ट होत असेल, माझंही होईल. मी त्याची वाट बघत होते. तुम्ही उपाशी बसायचात पलीकडच्या खोलीत आणि मला पत्ता नाही. सांगितलं असतंत तर मी तुमच्याबरोबर उपाशी बसले असते. निदान मला एकटीलाच भीती वाटते म्हणून स्वतःला नालायक तरी समजले नसते.

आज पुन्हा गुरुवार. मंदाताईंचा काल फोन होता, दादा त्यांच्याकडेच आहे, जेवतो, फार बोलत नाही, पण काल भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. ऐकून बरं वाटलं, पण भीती काही गेली नाही. सकाळपासून माझा चहाच झालाय. निघण्याआधी काकांना फोन केला, म्हटलं, पाच वाजून गेले की मिस्ड कॉल देईन.

"दे," काका म्हणाले. "मी तांदूळ धुऊन ठेवतो."